कॅप्सूल जागचे हलत नाही, मग झडप उडी का मारते?

रक्तवाहिनीतून कृत्रिम झडप हृदयापर्यंत नेणाऱ्या कॅथेटरविषयी, म्हणजे लांब लवचीक नळीविषयी, वाचकांनी विचारलेले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. झडप या नळीच्या टोकाशी कॅप्सूल नावाच्या आवरणात मिटलेली असते; हँडलचा नॉब फिरवून कॅप्सूल मागे ओढली की ती उघडते. दुसऱ्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे, कारण बहुतेक रचना तिथेच फसतात.

प्रश्न : शीथवर (कॅथेटर ज्यातून धमनीत शिरते त्या नळीवर) १४ फ्रेंच लिहिलेले असते. ३ फ्रेंच म्हणजे १ मिमी, म्हणजे हे ४.७ मिमी झाले. मग धमनी ५ ते ५.५ मिमी तरी हवी असा आग्रह का?

उत्तर : कॅथेटरचा फ्रेंच आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो, शीथचा मात्र आतल्या पोकळीचा. भिंतीची जाडी धरली की १४ फ्रेंच शीथ बाहेरून ६ मिमीच्या आसपास जाते. प्रसरण पावणारी शीथ झडप आतून सरकताना तेवढ्यापुरती आणखी फुगते. निरोगी धमनी हे सहन करते, कॅल्शियमचे कडे असलेली करत नाही. शीथचा बाहेरचा व्यास भागिले धमनीचा आतला व्यास हे गुणोत्तर १.०५ च्या वर गेले की धमनीला इजा होण्याचे प्रमाण वाढते, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. त्यामुळे सीटी स्कॅनवर नुसता सर्वांत लहान व्यास मोजून थांबू नये. कॅल्शियम किती आणि वळणे किती, हेही पाहावे. हृदयरोगतज्ज्ञ अॅलन क्रिबिए यांनी २००२ मध्ये फ्रान्समधील रूआँ येथे कॅथेटरने महाधमनीची पहिली झडप बसवली. त्यानंतरच्या सुरुवातीच्या पिढीत २२-२४ फ्रेंचच्या शीथ वापरल्या जात, त्या मानाने आज परिस्थिती पुष्कळ सुसह्य आहे.

प्रश्न : आमच्या चाचणीत सरळ नळीत झडप नेमकी जागेवर उघडते. महाधमनीच्या कमानीच्या मॉडेलमध्ये मात्र नॉबचे पहिले काही फेरे वाया जातात, मग कॅप्सूल सरकू लागते आणि शेवटी झडप काही मिमी पुढे उडी घेते. हँडलच्या स्क्रूचे आटे बारीक केले, तरी फरक नाही.

उत्तर : पडणार नाहीच. दोष शाफ्टच्या, म्हणजे कॅथेटरच्या एकात एक बसलेल्या नळ्यांच्या, लांबीत साठणाऱ्या ताणाचा आहे. बाहेरची नळी कॅप्सूलला जोडलेली असते, आतली झडपेला धरून ठेवते. कॅप्सूल मागे ओढताना बाहेरचा शाफ्ट ताणला जातो आणि तेवढ्याच बलाने आतला शाफ्ट दाबला जातो. वाया गेलेले फेरे या ताणण्या-दाबण्यात खर्च होतात.

हिशोब करून पाहा. बाहेरचा शाफ्ट ४ मिमी व्यासाचा, आतून ३.५ मिमी, कडक पेबॅक्स या प्लॅस्टिकचा (स्थितिस्थापकता गुणांक सुमारे ५०० मेगापास्कल) आणि ११०० मिमी लांब धरू. ६० न्यूटन बलाला तो सुमारे ४५ मिमी लांबतो! स्टीलच्या तारांची विणलेली जाळी पीळ उत्तम पोचवते, पण लांबण्याला फारशी अडवत नाही, कारण तिरप्या तारा ताणाखाली सरळ व्हायला बघतात. आता भिंतीत ०.२५ मिमी व्यासाच्या स्टीलच्या दोन सरळ तारा लांबीभर घाला : लांबणे ३ मिमीच्या आसपास येते. पण तारा समोरासमोर बसवल्या की शाफ्ट एकाच पातळीत सहज वाकतो. कमानीत तो स्वतःच फिरून त्या पातळीत बसतो, मग कॅप्सूलची दिशा तुमच्या हातात राहत नाही. तीन-चार तारा घातल्यास हा दोष जातो, पण शाफ्ट काठीसारखा होतो. दोन तारा घ्या आणि टोकाकडच्या भागात पेबॅक्स मऊ वापरा, असे आम्ही सुचवू.

आतल्या शाफ्टला फक्त दाब सोसायचा आहे. तिथे वेटोळे एकमेकांना टेकलेले स्टीलचे कॉइल उत्तम. मात्र ते ओढ सोसत नाही, म्हणून त्याला स्वतंत्र तार लागते.

घर्षण हा दुसरा भाग. सलग वळणांवर बल घातांकी प्रमाणात वाढते आणि त्यात वळणांच्या अंशांची बेरीज महत्त्वाची असते, लांबी नव्हे. कमानीचे १८० आणि श्रोणीतल्या धमनीची दोन ९० अंशांची वळणे मिळून ३६० अंश होतात. घर्षणांक ०.१ असेल तर हँडलपाशी बल १.९ पट, ०.२ असेल तर ३.५ पट. सरळ नळीत हे दिसणारच नाही. आतून पीटीएफई या निसरड्या प्लॅस्टिकचा लाइनर (अस्तर) हवा. बाहेरून चिकट रक्तवाहिनीच्या घर्षणापासून सुटका हवी असेल तर सर्वांत बाहेर हँडलला जोडलेली तिसरी, स्थिर नळी घाला.

शेवटची उडी याच साठ्यातून येते. फ्रेमचा (झडपेच्या धातूच्या सांगाड्याचा) शेवटचा भाग कॅप्सूलमधून सुटला की घर्षण क्षणात नाहीसे होते. बाहेरचा शाफ्ट आखडतो, आतला लांबतो आणि झडपेला हृदयाच्या खालच्या कप्प्याकडे ढकलतो. म्हणून शेवटच्या टप्प्याआधी थांबून नॉब किंचित उलटा फिरवावा, मार्गदर्शक तार (जिच्यावरून कॅथेटर सरकते) थोडी ढिली करावी, मग सोडावे. कॅप्सूलवर खूण करून नॉबचे किती फेरे रिकामे जातात ते मोजा. हाच आकडा रचनेच्या चांगलेपणाचा.

प्रश्न : नायटिनॉलची (निकेल-टायटॅनियम मिश्रधातूच्या फ्रेमची) झडप बर्फाच्या सलाइनमध्येच का भरायची? कोमट सलाइनमध्ये आमची कॅप्सूल फुगली.

उत्तर : थंडीत नायटिनॉल मऊ पडते, सहज दाबले जाते. गरम झाले की कडक होऊन आपल्या मूळ आकाराकडे झेपावते. तापमानाच्या प्रत्येक अंशाला ताणाची पातळी साधारण ६ मेगापास्कलने वाढते. म्हणून भरणे थंडीत आणि बलाची मोजणी ३७ अंशांच्या पाण्यात. खोलीच्या तापमानात मोजलेले बल फसवे असते. भरताना घाई झाली तर फ्रेमची एखादी पट्टी आत दुमडते, ती नंतर उघडत नाही. शरीरात घालण्यापूर्वी एक्स-रेखाली कॅप्सूल फिरवून पाहावी.

प्रश्न : झडप बसवून परतताना कॅथेटरच्या टोकाचा कोन (शंकूसारखा निमुळता भाग) फ्रेममध्ये अडकतो.

उत्तर : जोराने ओढू नये, झडप सरकेल. मार्गदर्शक तार किंचित पुढे-मागे करून कोन मध्यावर आणावा, मग हळू बाहेर काढावा. कॅप्सूल उतरत्या महाधमनीच्या सरळ भागात बंद करावी, मगच शीथमधून काढावी. रचनेत कोनाची मागची कडही उतरती ठेवा, पुढची उतरती ठेवून मागे सपाट खांदा सोडला की अडकणारच.