वाचकांचे प्रश्न : वर्गातली निवडणूक, नोटा आणि पहिलं मत

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला इतिहास-राज्यशास्त्र शिकवते. गेल्या वर्षी वर्गप्रतिनिधीची निवडणूक घेतली, हात वर करून. एकाने आदल्या दिवशी चॉकलेटं वाटली, मुलांनी आपापल्या गावच्या पोराला मत दिलं, मुली तर आधी इकडेतिकडे बघून मग हात वर करत होत्या. आता मुख्याध्यापक म्हणतायत, यंदा तुम्हीच नाव ठरवा, कटकट नको. काय करू?

उत्तर : मॅडम, प्लीज नाव तुम्ही ठरवू नका. दहावीच्या पुस्तकात ‘निवडणूक प्रक्रिया’ हा अख्खा धडा आहे, तो शिकवायचा आणि त्याच वर्गात प्रतिनिधी मात्र वरून नेमायचा, हे मुलांना लगेच कळतं हो, ती बोलत नाहीत एवढंच. आणि तुमच्याकडे जे बिघडलं ते हात वर करायला लावल्यामुळे बिघडलं असं मला स्पष्ट वाटतं. गाववाला बघतोय, बेंचवरची मैत्रीण बघतेय, ज्याने चॉकलेट दिलं तोही बघतोय की फिटलं का नाही, अशात कोण मनासारखं मत देणार? मुली आधी इकडेतिकडे बघत होत्या असं तुम्हीच लिहिलंय, त्यातच सगळं आलं.

तर यंदा मतदान गुप्त घ्या, आणि पूर्ण पद्धतीने घ्या. तुमच्या स्टाफमध्ये इलेक्शन ड्युटी केलेले सर-मॅडम असणारच, त्यांच्यापैकी कुणी केंद्राध्यक्ष म्हणून काम केलं असेल तर त्यांना एक तास बोलवा. हजेरीपट ही मतदार यादी. एक मुलगी यादीत नाव शोधून मोठ्याने वाचेल, दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावून रजिस्टरवर सही घेईल, तिसरी मतपत्रिका देईल, कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा, आणि प्रत्येक उमेदवाराचा एक मतदान प्रतिनिधी तिथे बसलेला. पेटी बंद करायच्या आधी ती रिकामी आहे हे त्या प्रतिनिधींना दाखवायचं, खऱ्या केंद्रावर सकाळी मॉक पोल, म्हणजे चाचणी मतदान, घेऊन मशीन शून्यावर आणतात ना, तसंच. मतदान संपलं की रजिस्टरवरच्या सह्या आणि पेटीतल्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर मोजा, आकडा जुळलाच पाहिजे. नाही जुळला तर का नाही जुळला ते मुलांना शोधू द्या, तुम्ही लगेच सांगू नका. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात सर्वात जास्त शिकवणारी हीच पाच-दहा मिनिटं आहेत, कारण निवडणुकीवर विश्वास का ठेवायचा आणि शंका आली तर काय तपासायचं हे त्यात हाताने करून कळतं.

मध्येच एखाद्याला मुद्दाम सांगून ठेवा की तुझं मत कुणीतरी आधीच देऊन गेलंय. आता काय? मुलं म्हणतील, गेलं मत. तर तसं नसतं, ओळख पटली की त्या माणसाला मशीनवर नाही पण कागदी मतपत्रिकेवर मत देता येतं, ते वेगळ्या पाकिटात ठेवतात, त्याला प्रदत्त मत म्हणतात. हे मोठ्यांनाही माहीत नसतं, बरेच जण केंद्रावरून तसेच परत येतात.

चॉकलेटवाल्या मुलाला वर्गासमोर रागावू नका. आचारसंहिता मुलांनाच लिहायला सांगा, फक्त एवढं सांगा की कायद्यात मतासाठी लाच देणारा आणि घेणारा दोघंही दोषी असतात. मग बघा, चॉकलेट खाल्लेली पोरं पण विचारात पडतील. गावावरून मत देणं एका वर्षात थांबेल असं नाही, पण उमेदवारांनी वर्गापुढे उभं राहून प्रश्नांना उत्तरं द्यायची अट घातली, पाण्याची टाकी, मुलींचं टॉयलेट, एसटीच्या टायमिंगमुळे उशीर होणारी मुलं असे खरे प्रश्न, तर फरक पडतो.

निकालानंतर एक तास राखून ठेवा. समजा 60 मुलांच्या वर्गात चार उमेदवारांना 22, 17, 12 आणि 9 मतं पडली. 22 वाला जिंकला, पण 38 जणांनी त्याला मत दिलं नाही, मग हे बरोबर का? इथे तुम्ही स्वतःचंच उदाहरण द्या. तुम्ही माध्यमिकला शिकवता, म्हणजे तीन वर्षं पूर्ण झाली असतील तर विधान परिषदेच्या पुणे शिक्षक मतदारसंघात तुमचं नाव नोंदवता येतं, आणि तिथे जांभळ्या पेनने 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहायचा असतो. तीच 60 मतं पसंतीक्रमाने परत घ्या, सगळ्यात कमी मतंवाला बाद करून त्याच्या चिठ्ठ्या पुढच्या पसंतीच्या उमेदवाराला द्यायच्या, कधीकधी जिंकणारा बदलतो, वर्गात जो काही वाद होईल तो होऊ द्या.

आणि निवडून आलेल्या मुलाला खरं काम द्या. खडू-डस्टर आणायला प्रतिनिधी नको.

इतिहासाच्या तासाला 1951-52 ची पहिली निवडणूक जरूर सांगा. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी असायची, चिन्ह लावलेली. आणि सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून गेली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं होतं. मग होमवर्क द्या, घरच्या मतदार यादीत आई आणि आजीचं नाव नीट आहे का ते बघून या.

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. तू कुणाला मत दिलंस असं सारखं विचारते, आणि नोटाला, म्हणजे ‘यांपैकी कुणीही नाही’ या पर्यायाला, सगळ्यात जास्त मतं पडली तर काय होतं हेही. काय सांगू? (एक पालक, डोंबिवली)

उत्तर : कुणाला दिलं ते सांगायचं की नाही हे पूर्ण तुमच्यावर आहे, पण ते विचारून कुणी जबरदस्ती करू शकत नाही, घरातलं माणूसही नाही, हे तिला आत्ताच सांगा. ती लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली तरी हे तिच्या उपयोगी पडेल. त्यापेक्षा कसं ठरवलं ते सांगा ना, उमेदवारांची शपथपत्रं बघितली का, नगरसेवकाचं काम आणि खासदाराचं काम वेगळं कसं वगैरे. नोटा सुप्रीम कोर्टाच्या 2013 च्या निकालानंतर आलं. लोकसभा-विधानसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याखालोखाल मतं मिळालेला उमेदवार विजयी होतो. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने 2018 साली फेरनिवडणुकीचा निर्णय घेतला होता. दोन्हींतलं तिला काय पटतं ते विचारा आणि का ते पण.

प्रश्न : मला जूनमध्ये 18 पूर्ण होतील. नाव जानेवारीतच नोंदवता येतं का?

उत्तर : पूर्वी 1 जानेवारी ही एकच तारीख होती, आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. तुला 1 जुलैची लागू होईल. पण 17 पूर्ण झाले असतील तर अर्ज आत्ताच भरून ठेवता येतो, नमुना 6, ऑनलाइन किंवा तुमच्या भागाच्या बीएलओकडे (मतदार यादीचं काम बघणारा केंद्रस्तरीय अधिकारी). वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि फोटो लागेल. अर्ज भरल्यावर जो रेफरन्स नंबर येतो त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेव आणि जुलैनंतर यादीत नाव आलंय का ते स्वतः बघ, नुसतं कार्ड हातात असून चालत नाही, नाव यादीत लागतं.