वाचकांचे प्रश्न : कल्पित राजधानी, खरा समुद्र

प्रश्न : माझ्या कादंबरीतल्या राज्याची राजधानी मी नदीच्या मुखाशी, अगदी समुद्रावर वसवली आहे. मित्र म्हणतो, जागा चुकली. खरंच चुकली का? (एक वाचक, चिपळूण)

मित्राचं ऐका आणि शहर खाडीत दोन-तीन कोस आत न्या. मुखाशी नदीचा वेग मंदावतो, तिने आणलेली वाळू तिथेच बसते आणि लाटा ती आडवी पसरत राहतात. मुखावर वाळूचा दांडा तयार होतो तो असा. शिवाय तुमच्या किनाऱ्यावर नैऋत्य मोसमी वारा असेल, तर पावसाचे चार महिने उघड्यावर नांगर टाकता येणार नाही. मुखाच्या कड्यावर किल्ला, त्याखाली वाट दाखवणाऱ्या तांडेलांची वाडी आणि आत वळणामागे पेठ, ही मांडणी टिकते. वाशिष्ठीवर मुखाशी दाभोळ आणि आत गोवळकोट, ही जोडी तर तुमच्या घराजवळच आहे.

प्रश्न : शत्रूचं आरमार रात्री खाडीत शिरतं, असा प्रसंग आहे. भरतीची वेळ कशी ठरवायची? (एक वाचक, ठाणे)

कोकणातला ठोकताळा घ्या : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, एकादशीला सव्वाआठ. दिवसाही आणि रात्रीही, कारण दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात. हा हिशेब मुंबई-कोकणचा आहे, दर बंदराचा वेगळा निघतो. तुमच्या राजधानीसाठी एकदा काय तो ठरवा आणि शेवटच्या पानापर्यंत पाळा.

आता पाण्याची खोली. समजा, दांड्यावर उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या, पूर्ण भरतीला ४ मीटर पाणी असतं आणि भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान, भरतीला ३. जहाज ३ मीटर बुडतं आणि बुडाखाली अर्धा मीटर तरी मोकळं लागतं. म्हणजे जड जहाजं अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच आत येऊ शकतील. सर्वांत मोठी भरती बहुधा त्यानंतर एक-दोन दिवसांनी येते, हेही लक्षात असू द्या. आत शिरल्यावर तीन-चार दिवसांत काम फत्ते झालं नाही, तर पुढच्या उधाणापर्यंत ती खाडीतच कोंडली गेली. तुमच्या सेनापतीने नेमकं हेच हेरायला हवं.

हल्ल्याला अमावास्या उत्तम. पूर्ण भरती मध्यरात्रीच्या सुमारास आणि वर मिट्ट काळोख. पण शिडं उभारून आत घुसले असं लिहू नका. हिवाळ्यात रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो त्यांच्या तोंडावर येईल. त्यांनी शिडं उतरवून वल्ह्यांवर, चढत्या पाण्याबरोबर यावं, दहाच्या सुमारास दांडा ओलांडावा. चढत्या पाण्यात जहाज रुतलं तर तासाभरात आपोआप तरंगतं, उतरत्या पाण्यात रुतलं तर पुढच्या भरतीपर्यंत कलंडून पडतं. आणि उधाणाच्या अगदी माथ्यावर रुतलं, तर पंधरवडाभर सुटका नाही. रात्री एकनंतर पाणी उतरू लागतं, वाराही समुद्राच्या दिशेनेच वाहत असतो. पेटती होडकी सोडायची ती शहरवाल्यांनी, आणि तेव्हाच.

प्रश्न : किनाऱ्यालगतच्या बेटावर राजाचा किल्ला आहे. वेढ्यात गोडं पाणी किती दिवस पुरेल? (एक वाचक, बडोदे)

बेटावर गोडं पाणी असणं अशक्य नाही. मालवणच्या सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या विहिरी आहेतच. जमिनीत मुरलेलं पावसाचं पाणी हलकं म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगतं. भुसभुशीत जमिनीत ठोकळ प्रमाण असं, की समुद्रपातळीच्या वर १ मीटर गोडं पाणी असेल तर खाली सुमारे ४० मीटर असतं. हेच उलटही लागू पडतं. उपसून पातळी १ मीटर खाली नेली की खारं पाणी पुढेमागे ४० मीटर वर सरकतं. म्हणून विहीर रुंद आणि उथळ हवी, उपसा थोडा थोडा हवा. वेढ्यात गावकरीही आत आले, उपसा तिपटीवर गेला, आणि विहीर आटण्याऐवजी मचूळ झाली, हे वाचकाला पटेल. ‘आणखी खोल खणा’ हा राजाचा हुकूम इथे घातक ठरतो.

विहिरीच्या जोडीला टाकं द्या. १,००० माणसं, २४० कोरडे दिवस, माणशी रोज ५ लिटर, म्हणजे १२ लाख लिटर. २० मीटर लांब, १५ रुंद आणि ४ खोल टाक्यात ते मावतं. टाकं उघडं असेल तर एवढ्या काळात मीटरभराहून जास्त पाणी उन्हानेच उडतं, तेव्हा छत घाला किंवा दीड मीटर जास्त खणा. कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, सहाव्या शतकातलं जमिनीखालचं टाकं ३३६ खांबांवर छत तोलून उभं आहे.

प्रश्न : ५०,००० वस्तीला धान्य किती? (एक वाचक, सोलापूर)

माणशी रोज अर्धा किलो धरलं तर दिवसाला २५ टन. बैलगाड्या रोज ५० लागतील, १०० टनी गलबत एकच आलं तरी चार दिवस भागतं. तरीही पावसाळ्याआधी चार महिन्यांचे, म्हणजे ३,००० टन, कोठारात हवेतच.

प्रश्न : आक्रमण न होता राजधानीचं वैभव ओसरलेलं दाखवायचं आहे. (एक वाचक, मडगाव)

खाडीकाठची खाजणं, म्हणजे भरतीचं पाणी चढतं त्या सखल जमिनी, बांध घालून शेतीला द्या, बांधात उघाड्या, म्हणजे पाणी सोडायची दारं, बसवा. भात पिकेल, महसूल वाढेल, दरबार खूश होईल. पण पूर्वी भरतीला या खाजणांत पसरणारं पाणी ओहोटीला जोराने बाहेर पडायचं आणि मुखावरची वाळू धुऊन न्यायचं. आता आत पाणीच कमी शिरतं, ओहोटीचा जोर मरतो, दांडा वर्षागणिक चढतो. बेल्जियममधलं ब्रुज असंच मागे पडलं : झ्विन खाडीकाठची जमीन बांधांनी मिळवली गेली, खाडी गाळाने भरत गेली आणि व्यापार अँटवर्पकडे वळला. तुमच्या कादंबरीत हे तीन पिढ्यांवर पसरवा. आजोबांच्या काळात जहाज धक्क्याला लागतं, बापाच्या काळात मुखाबाहेर थांबून माल पडावांत, म्हणजे छोट्या होड्यांत, उतरवतात, नातवाच्या काळात जकातीच्या वहीत फक्त लहानशा मचव्यांच्या नोंदी उरतात.