खेळ बंद केला तर पोरगं शाळेत टिकेल का?

"मॅडम, हा शाळेत जातो तो नुसता कबड्डीसाठी. नववीत गेला, चाचणीत चार विषय गेले. ह्याचा खेळ बंदच करून टाकते." दापोली तालुक्यातल्या एका बंदराच्या गावात, जून संपता संपता, एक आई माझ्यासमोर बसून हे सांगत होती. मुलगा दाराशी उभा होता. त्याला इथे सोन्या म्हणते.

ही तक्रार किनाऱ्यावर मी इतक्या आयांकडून ऐकली आहे की उत्तर तोंडपाठ व्हायला हवं होतं. पण प्रत्येक घरात तिच्या मागे वेगळं काहीतरी असतं, म्हणून मी लगेच उत्तर देत नाही.

सोन्याच्या घरी वडील दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होते. गुडघा गेल्यापासून घरीच होते. आई बंदरावर लिलावातून मासळी घेऊन गावोगाव विकायची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे हे दोन महिने हात आखडलेला. आणि १ ऑगस्टला बोटी सुटणार होत्या. चुलत्याने सांगून ठेवलं होतं, "पोराला माझ्याबरोबर पाठव." शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. सोन्याला पंधरावं लागलं होतं. किनाऱ्यावरची मुलं सुटतात ती इथेच, नववीच्या पावसाळ्यात. नाव हजेरीपटावर राहतं, मुलगा बोटीवर असतो.

आईला मी एवढंच म्हटलं, "ताई, पंधरा दिवस खेळ बंद करू नका. मला त्याला मैदानावर बघू द्या."

मैदानावर तो उजवा कोपरा सांभाळायचा. समोरच्याने बोनस गुणासाठी रेषेपलीकडे पाय टाकला की याची पकड घोट्यावर बसलीच. ३० सेकंदांच्या चढाईत कोण कुठे सरकतोय ते त्याला अचूक दिसायचं. अशा मुलाला कुणी मठ्ठ म्हटलं की माझा जीव तुटतो. एकदा पीटीच्या सरांनी त्याला बाजूला बसवून सामन्याचं गुणपत्रक लिहायला दिलं. सोन्याने कागद घेतला, शेजारच्या मुलाकडे सरकवला आणि म्हणाला, "पोट दुखतंय." दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. गुण त्याला तोंडी बिनचूक सांगता येत होते, समोरचा अख्खा संघ बाद झाला की मिळणारे लोणाचे दोन जादा गुणसुद्धा तो विसरत नव्हता. अडत होतं ते खेळाडूंच्या नावांवर. नववीतल्या या मुलाला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. वर्गात तो मागच्या बाकावर का बसायचा आणि मैदानावर मोकळा का व्हायचा, त्याचं उत्तर त्या कागदावर होतं.

खेळ त्याला अभ्यासापासून ओढत नव्हता. वाचता न येण्याची लाज त्याला वर्गाबाहेर ढकलत होती आणि शाळेच्या आवारात त्याला धरून ठेवणारं मैदान तेवढं एकच होतं.

शाळेत एक नियम निघाला होता: चाचणीत नापास, तर संघातून बाहेर. मी त्याला ठाम विरोध केला आणि आजही करते. पण मुलाने वर्ग बुडवून फक्त सामन्याला यावं, हेही मला मान्य नव्हतं. पीटीच्या सरांशी बोलून आम्ही अट बदलली. ज्या दिवशी सगळे तास बसलास, त्या दिवशी सराव. गुण सोन्याच्या हातात नव्हते, हजेरी होती. जे मुलाच्या हातात आहे त्याचीच अट घालावी, नाहीतर ती शिक्षाच होते.

वाचनासाठी पहिलीचं पुस्तक काढलं असतं तर तो परत आला नसता. सर वर्तमानपत्रातल्या कबड्डीच्या बातम्या कापून आणायचे. चढाई, पकड, मध्यंतर हे शब्द त्याच्या कानावरचे, त्यामुळे डोळ्यांनाही लवकर ओळखीचे झाले. 'वर्चस्व' या शब्दाने मात्र आठवडाभर छळलं. सरावानंतरची २० मिनिटं, आम्ही तिघंच, बाकी कुणासमोर नाही. दिवाळीपर्यंत तो गुणपत्रक लिहू लागला होता, वाकड्यातिकड्या अक्षरात.

पैशांचा प्रश्न यातून सुटला नाही, आणि खेळाने तो सुटतो असं मी कुठल्याच आईला सांगत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे खरं, पण ते मोठ्या पातळीवर चमकणाऱ्यांसाठी. त्याच्या आशेवर घर चालत नाही. आम्ही चुलत्यांना भेटलो. दोन बैठका रागातच गेल्या. शेवटी ठरलं, रविवारी सोन्या घरी बसून जाळी दुरुस्त करेल, त्याचे पैसे आईच्या हातात मिळतील, दहावी होईपर्यंत बोट नाही. मला तेही फारसं रुचलं नव्हतं, पण त्या घरात मीठ-तांदूळ कुठून येतं ते मी पाहिलं होतं.

एक गोष्ट मात्र मला टोचते. बाराजणांच्या संघात मैदानात सातच. न निवडलेल्या मुलांचं काय? मुलींचं काय, ज्यांना सरावाच्या वेळेलाच पाणी भरायला घरी बोलावतात? पुढच्या वर्षी सरांनी वर्गावर्गांचे सामने सुरू केले आणि मुलींचा खो-खो मधल्या सुट्टीत घेतला. तेवढ्याने काही मुली थांबल्या, सगळ्या नाही.

सोन्या दहावीला गणितात राहिला. आईचा फोन आला, ती रडत होती. तिला मी विचारलं, "तो कुठे आहे?"

"शाळेत गेलाय. पुरवणी परीक्षेचा फॉर्म कधी भरायचा, फळ्यावर लिहिलंय म्हणे. वाचून येतो म्हणाला."