पडल्या पडल्या यादी आठवते

वाचकांचे प्रश्न, योगशिक्षक आणि समुपदेशकांची उत्तरं

प्रश्न : वय ४६. सकाळी सातची लोकल, घरी यायला साडेसात. स्वयंपाकाला लागण्याआधी दहा मिनिटं शवासन करते. पण पडल्या पडल्या कामांची यादी आठवते, नाहीतर सरळ झोप लागते. दोन्हींचा राग येतो. काय चुकतंय?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चपला काढून लगेच आडव्या होत असाल तर शरीर घरात आणि डोकं अजून फलाटावर, अशी गत होते. आधी हातपाय धुवा, कपडे बदला आणि आठवतील ती कामं एका कागदावर उतरवून काढा. दोन-तीन मिनिटं पुरतात. कागद स्वयंपाकघरात ठेवा, उशाशी नको. लिहून ठेवलेलं काम डोकं तितक्या जोराने पुन्हा पुढे करत नाही.

पलंगावर झोपू नका. गादीला पाठ टेकली की झोपायचं, ही शरीराची जुनी सवय आहे. जमिनीवर सतरंजीची दुहेरी घडी, वर चादर. डोक्याखाली दोन बोटं जाडीची चादरीची घडी. हनुवटी कपाळापेक्षा वर राहिली तर मान ताणते आणि मग तिकडेच लक्ष जातं. पावलांत फूट-दीड फूट अंतर, हात अंगापासून वीतभर लांब, तळवे वर. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली लोड घ्या. पडून राहिल्यावर अंग गार पडतं, म्हणून पंखा मंद करा किंवा अंगावर पातळ पांघरूण घ्या. पाचव्या मिनिटाला पांघरुणासाठी उठावं लागलं की सगळंच मोडतं.

थकलेल्या माणसाला नुसतं 'सैल सोडा' म्हणून सुटत नाही. आधी आवळायचं, मग सोडायचं. मुठी पाच सेकंद घट्ट, मग वीस सेकंद ढिल्या. तसेच खांदे, पोट, मांड्या. पोटऱ्या जोरात आवळू नका, गोळा येतो. अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी ही रीत १९२०च्या दशकात मांडली आणि आजही ती वापरात आहे. सगळ्यात शेवटी जबडा. दात दातांवर नाहीत ना, जीभ टाळूला चिकटून बसलेली नाही ना, ते पाहा. दिवसभराचं 'हो, करते' तिथेच अडकून बसलेलं असतं.

मग वीस श्वास : चार अंक मोजत आत, सहा मोजत बाहेर. साडेतीन मिनिटांच्या आतबाहेर होतात. मध्येच यादी आठवली तर ते बिघडलं असं समजू नका. जिथे चुकलात तिथून पुन्हा एक. सगळं मिळून बारा मिनिटं.

झोप लागत असेल तर एक हात कोपरातून उभा ठेवा, बोटं छताकडे. डोळा लागला की हात खाली पडतो आणि जाग येते. पण रोजच दोन मिनिटांत हात पडत असेल तर दोष शवासनाचा नाही. रात्रीची झोप अपुरी आहे आणि तिला सात तास द्यायला हवेत. उठताना कुशीवर वळा, चार-पाच श्वास थांबा, मग हाताच्या आधाराने बसा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर एकदम उठल्याने चक्कर येऊ शकते.

आणि हो, ही बारा मिनिटं घरात आधी जाहीर करा. बाई आडवी झाली की 'चहा कुठाय?' हा प्रश्न ऐकू यायची खात्रीच असते.

प्रश्न : वडिलांना पक्षाघात होऊन दोन वर्षं झाली. उजवा हात नीट चालत नाही. नवे डॉक्टर, नवी तेलं चालूच आहेत. आई म्हणते, आता मान्य कर. मला ती हार वाटते. रात्री दोनदा उठावं लागतं, फार थकलोय.
– एक वाचक, सांगली

उत्तर : पक्षाघातानंतर सुधारणा सर्वांत वेगाने होते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. पुढेही थोडी थोडी होऊ शकते, शिवाय न हलवलेले सांधे आखडतात, म्हणून व्यायाम सोडायचा नाही. सोडायची ती रोजची शोधाशोध. दर तीन महिन्यांनी फिजिओथेरपिस्टना दाखवायची तारीख ठरवा. मधल्या काळात कुणी नवं तेल सुचवलं तर ते वहीत लिहून ठेवा आणि त्या तारखेलाच विचारा.

मान्य करायचं ते घराच्या मांडणीत. हात उद्या बरा होईल या भरवशावर घर जसंच्या तसं ठेवलं तर चाचपडावं लागतं ते वडिलांना. चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून मूठ जाड करा. उभ्या कडेचं ताट घ्या आणि ते सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं ठेवा. संडासात डाव्या हाताला पकडायला दांडी बसवा. सदरा घालताना आधी अधू हात, काढताना तो शेवटी. आणि त्या हाताला धरून त्यांना कधीही ओढून उठवू नका, खांदा निखळतो.

रात्री कशासाठी उठता ते आधी पाहा. लघवीसाठी असेल तर लघवीचं भांडं त्यांच्या डाव्या हाताशी ठेवा. कूस बदलायला असेल तर हवेची गादी घेऊन अंतर किती वाढवता येईल ते डॉक्टरांना विचारा. आठवड्यातल्या दोन रात्री तरी दुसऱ्या कुणाकडे द्या, नातेवाईक किंवा पगारी माणूस. त्या रात्री दुसऱ्या खोलीत झोपा. त्याच खोलीत राहिलात तर प्रत्येक खोकल्याला उठाल. दोन आठवड्यांहून जास्त मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर बोला. सरकारी सेवा आहे, मोफत आणि चोवीस तास, मराठीतूनही.

प्रश्न : रविवारी जेवून झोपलो की पाच वाजता डोकं जड होऊन उठतो.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अर्ध्या तासाच्या पुढे गेलात की झोप गाढ होते आणि मधेच उठल्यावर डोकं जड राहतं. वीस मिनिटांचा गजर लावा आणि तीनच्या आत उठा. वामकुक्षी म्हणजे डावी कूस, आणि ते बरोबरच आहे : डाव्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खाली राहतं, त्यामुळे आंबट कमी वर येतं. उठल्यावर चहा घ्या, पण सहानंतरचा टाळा. त्यातलं निम्मं कॅफिन रात्री अकरालाही अंगात असतं.