योसेफ कारो कोण होते? एका माणसाचा 'शुल्हान आरुख' हा धर्मनियमांचा ग्रंथ जगभरच्या ज्यूंनी प्रमाण कसा मानला?

एकट्या कारोंचा असा तो जगभर कधी मानलाच गेला नाही. त्यात पोलंडमधल्या क्राकवच्या एका पंडिताचा मोठा वाटा आहे. पण सुरुवात स्पेनपासून करावी लागेल.

कारोंचा जन्म १४८८चा. १४९२मध्ये स्पेनने ज्यूंना देशाबाहेर काढलं, पोर्तुगालमध्ये १४९७ साली सक्तीचं धर्मांतर झालं, आणि शेवटी आसरा मिळाला तो ऑटोमन मुलखात. तिथे कॅस्टिलचे, पोर्तुगालचे, इटलीचे, जर्मनीचे निर्वासित आपापले रिवाज घेऊन शेजारी शेजारी राहत होते. खाणं, लग्न, वारसा, प्रत्येक बाबतीत निवाडा वेगळा. या पांगापांगीत धर्मशास्त्रं अगणित झाली, ही खंत कारोंनी स्वतः लिहून ठेवली आहे.

म्हणून १५२२मध्ये एदिर्ने या ऑटोमन शहरात त्यांनी 'बेत योसेफ' हा ग्रंथ हाती घेतला. प्रत्येक नियम तल्मूदपासून, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या मूळ चर्चाग्रंथापासून, शोधत यायचं, मधल्या पंडितांची मतं तपासायची आणि मग निकाल द्यायचा. वीस वर्षं लिहिण्यात गेली, वर बारा वर्षं दुरुस्त्यांत. अल्फासी, मायमोनिडीज आणि आशेर बेन येहिएल या तीन जुन्या धर्मपंडितांपैकी दोघं जिकडे, तिकडे साधारणपणे निकाल. माझ्या मते त्यांचं खरं मोठं काम हेच.

याच माणसाची एक रोजनिशी आहे, आणि मला त्यांची ओढ लागली ती तिच्यामुळे. मिश्ना, म्हणजे तल्मूदचा मूळ भाग, घोकताना त्यांच्याच तोंडून एक दैवी वाणी बोलायची. मांस, मद्य कमी कर म्हणून खडसवायची. तुझे ग्रंथ सगळीकडे पसरतील, असा धीर द्यायची. १५३२मध्ये मांतुआत जाळल्या गेलेल्या श्लोमो मोल्खो या ज्यू गूढवाद्यासारखं हौतात्म्य तुलाही येईल, असंही सांगायची. ते काही आलं नाही. गॅलिलीतल्या त्सफातला १५७५मध्ये ते वारले. हा साधक बाजूला ठेवला तर तो कायदेपंडितही नीट कळत नाही, असं मला वाटतं.

'शुल्हान आरुख' हा 'बेत योसेफ'चाच गोषवारा. १५६५मध्ये व्हेनिसला छापला गेला. रोज एक भाग वाचून महिन्यात उजळणी व्हावी म्हणून तीस भाग पाडलेले. चर्चा गाळलेली, फक्त निकाल.

क्राकवच्या मोशे इसेर्लेसना हे खटकलं. पोलंड-जर्मनीकडच्या ज्यूंचे रिवाज त्यात कुठे होते? पण विरोधी ग्रंथ लिहून मोकळं होण्याऐवजी त्यांनी कारोंच्याच मजकुरात आपल्या टिपा घातल्या. त्या टिपांसकट छापलेलं पुस्तक दोन्हीकडच्यांना आपलं वाटलं. वल्हांडणाच्या सणात खमीर चढलेलं अन्न वर्ज्य; मग भात चालतो का, हेच पाहा. तांदळाला खमीर चढत नाही, शिजवून खायला हरकत नाही, असं कारो म्हणतात. लगेच पुढे इसेर्लेसची टीप: काही जण मनाई करतात, आमच्याकडे तोच रिवाज आहे, तो मोडू नये. अनेक सेफार्दी, म्हणजे स्पेनकडच्या परंपरेतल्या, घरांत त्या सणाला आजही भात शिजतो, आणि परंपरा पाळणाऱ्या अश्केनाझी, म्हणजे पोलंड-जर्मनीकडच्या, घरात साधारणपणे शिजत नाही.