जाऊबाईंचं ऐकू नका, पण जानेवारीची घाईही नको

पत्र थोडक्यात असं: थोरल्या दिरांनी भरलेल्या अर्जाचा नंबर लागला आणि २०२५च्या जुलैत आम्ही चौघं ग्रीन कार्डावर कागलहून कॅलिफोर्नियात, युनियन सिटीला आलो. मिस्टर इचलकरंजीच्या सूतगिरणीत सुपरवायझर होते, महिन्याला अडतीस हजार. आता इथे वेअरहाऊसमध्ये आहेत. मी इंडियन ग्रोसरीत काम करते. मुलीला अठरा पूर्ण झाली. यंदा बारावी सायन्स, ६१ टक्के. दहावीपर्यंत मराठी माध्यम. तिला नर्स व्हायचंय. जाऊबाई म्हणतात, कम्युनिटी कॉलेज म्हणजे नापासांचं, त्यापेक्षा कर्ज काढा आणि खासगी नर्सिंग कॉलेजात घाला. मिस्टर म्हणतात, वर्ष वाया नको, जानेवारीतच कुठेतरी नाव घालू. शिवाय सरकारी मदत घेतली तर ते दिरांच्या अंगावर येईल का, अशी धास्ती आहे. काय करावं?

ताई,

पत्रात सल्ले सगळ्यांचे आहेत, मुलीचं म्हणणं मात्र चार शब्दांत उरकलंय. ते चार शब्द मी धरून चालतो. नर्स व्हायचं असेल तर कम्युनिटी कॉलेज, म्हणजे इथलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, हा तिच्यासाठी सरळ रस्ता आहे. फक्त तो ऑगस्ट २०२६मध्ये धरा, जानेवारीत नाही. कारण पैशाचं आहे, आणि ते नीट समजून घ्या, कारण मिस्टरांना पटवायचं काम तुमच्यावरच येणार आहे.

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला सेमिस्टर पद्धतीच्या कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला, म्हणजे विषयाचा भार मोजायच्या मापाला, ४६ डॉलर पडतात. १२ युनिट घेतली की पूर्णवेळ विद्यार्थी. म्हणजे सत्राचे ५५२ डॉलर. पण रहिवासी कोण, तर सत्र सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ज्याला राज्यात एक वर्षाहून जास्त झालंय आणि इथेच राहायचा इरादा ज्याला कागदांनी दाखवता येतो तो. ग्रीन कार्ड असलं तरी ही अट चुकत नाही. तुम्ही जुलैत आलात. जानेवारीत जेमतेम सहा महिने होतील, त्यामुळे मुलगी बाहेरची धरली जाईल आणि ४६ डॉलरांच्या वर युनिटमागे आणखी शुल्क लागेल. बहुतेक कॉलेजांत ते तीनशे डॉलरच्या पुढे आहे. तीनशेच धरले तरी १२ युनिटांचे ३६०० आणि वर ५५२, म्हणजे ४१५२ डॉलर.

मिस्टर म्हणतील, पेल ग्रँट आहे ना. आहे. ही केंद्र सरकारची मदत, परत फेडायची नसते आणि ग्रीन कार्डवाल्याला पहिल्या दिवसापासून मिळू शकते, तिला राज्यातल्या एका वर्षाची अट नाही. २०२५-२६साठी तिची कमाल रक्कम वर्षाला ७३९५ डॉलर आहे, म्हणजे एका सत्राला ३७०० डॉलरसुद्धा पुरते नाहीत. जानेवारीत गेलात तर ती सगळी फीत जाईल, वर खिशातून साडेचारशे भरावे लागतील, आणि पुस्तकं अजून घ्यायचीच असतील. शिवाय पेल ग्रँट आयुष्यात एकूण १२ पूर्णवेळ सत्रांपुरतीच मिळते. त्यातलं एक सत्र असं जाईल.

आता हीच मुलगी ऑगस्टमध्ये गेली तर काय होतं? ती रहिवासी धरली जाईल. तुमच्या उत्पन्नावर कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँटमधून युनिटमागचे ४६ डॉलरही माफ व्हावेत. मग पेल ग्रँट फीत जाणार नाही. किरकोळ शुल्क वजा जाऊन उरलेली रक्कम तिच्या खात्यावर येईल आणि ती पुस्तकं, बसपास, पुढे नर्सिंगचा गणवेश यांना वापरता येईल. तेच कॉलेज, तेच विषय. उन्हाळी सत्राचा मोहही टाळा, ते जूनमध्ये सुरू होतं, तेव्हा वर्ष भरलेलं नसेल.

मधले महिने रिकामे जायची गरज नाही. अॅडल्ट स्कूलचे इंग्रजीचे वर्ग आहेत, आणि कम्युनिटी कॉलेजांचे क्रेडिट नसलेले वर्ग असतात, त्यांना युनिटची फीच नसते. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं ना, मग हे महिने तिला हवेच आहेत. बारावीची सायन्सची पुस्तकं इंग्रजीत वाचणं वेगळं आणि पेशंटच्या फाइलीवर तीन ओळी स्वतःच्या इंग्रजीत लिहिणं वेगळं. २०१७च्या एका कायद्यानंतर इथली कॉलेजं प्रवेशपरीक्षा घेऊन मुलांना खालच्या इंग्रजीत टाकत नाहीत. याचा अर्थ तिला थेट वरच्या इंग्रजीच्या वर्गातही बसता येईल. बसता येणं आणि तिथे चांगली ग्रेड मिळणं यातलं अंतर तिने उन्हाळ्याआधी कापावं.

याच महिन्यांत रहिवासाचे पुरावे जमवायचे: तिच्या नावाचं कॅलिफोर्नियाचं ओळखपत्र किंवा लायसन्स, बँक खातं, पगार मिळाला तर राज्याचा टॅक्स रिटर्न. तुमच्या भाडेकरारावर तिचंही नाव घाला. एक सावधगिरीची गोष्ट: ओळखपत्राच्या अर्जात मतदार नोंदणीचा प्रश्न येतो. तुम्ही नागरिक नाही, तिथे चुकूनही हो म्हणू नका. नागरिक नसताना मतदार म्हणून नाव लागलं तर पुढे नागरिकत्वाच्या वेळी ते फार महागात पडतं.

आता फॅफ्सा, म्हणजे केंद्राच्या मदतीचा अर्ज. ऑगस्ट २०२६साठी तुम्हाला २०२६-२७चा अर्ज भरायचाय, आणि त्यात २०२४चं उत्पन्न विचारतात. २०२४मध्ये तुम्ही कागलला होतात! त्यामुळे वेअरहाऊसचा पगार या वर्षाच्या हिशोबात येतच नाही. सूतगिरणीचे महिना अडतीस हजार, वर्षाचे चार लाख छप्पन हजार, ते डॉलरमध्ये करायचे. पाच हजारांच्या आसपास भरतील. इथल्या मानाने हे उत्पन्न इतकं कमी आहे की पूर्ण पेल ग्रँट मिळण्याची शक्यता चांगलीच आहे. पगारपत्रकं आणि फॉर्म १६ जपून ठेवा, कॉलेज पडताळणीला मागू शकतं. तुम्ही नवरा-बायकोने मिळून अमेरिकेत २०२४चा टॅक्स भरलेला नाही, म्हणून अर्जात तुम्हा दोघांचीही वेगवेगळी माहिती आणि संमती लागेल. मुलीचं एक, तुमचं एक, मिस्टरांचं एक अशी तीन खाती स्टुडंटएड डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर उघडा. अर्जाला एक सेंटही लागत नाही. कोणी शे-दोनशे डॉलर घेऊन भरून देतो म्हणालं तर दारातूनच परत पाठवा. कॉलेजचं फायनान्शियल एड ऑफिस हेच काम फुकट करतं.

गावाकडच्या जमिनीचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण कागलचं घर म्हटल्यावर मी विचारणारच. तुम्ही राहता ते घर सोडून बाकीची बहुतेक मालमत्ता फॅफ्सात धरली जाते, परदेशातलीसुद्धा. सातबाऱ्यावर सासऱ्यांचंच नाव असेल तर ती तुमची नाही. मिस्टरांचं नाव लागलं असेल तर त्यांच्या हिश्श्याची आजची किंमत. उत्पन्न इतकं कमी असताना या आकड्याने पेल ग्रँट कमी होण्याची भीती फारशी नाही. पण अर्जात विचारलं तर खरं लिहा, लपवून काही हाती लागत नाही.

दिरांचं. ही धास्ती मला बऱ्याच घरांत दिसते आणि ती कोणी उघड बोलत नाही, म्हणून तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. त्यांनी तुमच्यासाठी आधारपत्रावर, म्हणजे तुम्हाला सांभाळायच्या हमीवर, सही केलीय. काही प्रकारची सरकारी मदत तुम्ही घेतली तर सरकार तिची भरपाई त्यांच्याकडे मागू शकतं, हे खरं आहे. पण उच्च शिक्षणाच्या केंद्रीय कायद्याखालची विद्यार्थी मदत त्या प्रकारांतून स्पष्ट वगळलेली आहे, आणि पेल ग्रँट त्यातच येते. दिरांचं उत्पन्नही फॅफ्सात लिहायचं नसतं. ते मुलीचे काका आहेत, पालक नाहीत. हे त्यांना एकदा चहाला बोलावून मोकळेपणाने सांगा. जाऊबाईंच्या सल्ल्यामागे ‘नापासांचं कॉलेज’ कमी आणि ही काळजी जास्त असेल, असा माझा अंदाज आहे.

नापासांचं म्हणाल तर, कम्युनिटी कॉलेज कोणालाही घेतं, हे खरंय. अठरा पूर्ण असलेल्याला बारावीच्या टक्क्यांबद्दल कोणी विचारत नाही. पण नर्सिंगला तसं नाही. कॉलेजात प्रवेश वेगळा आणि नर्सिंगच्या अभ्यासक्रमात प्रवेश वेगळा, हे पालकांना हमखास उशिरा कळतं. तुमच्या जवळच फ्रीमाँट-न्यूअर्कचं ओलोनी आणि हेवर्डचं शाबो, दोन्हीकडे नर्सिंग आहे. आधी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, इंग्रजी, संख्याशास्त्र असे विषय करायचे, मग अर्ज, मग दोन वर्षांचा अभ्यासक्रम, मग एनक्लेक्स परीक्षा देऊन नोंदणीकृत नर्स. जागा मोजक्या, अर्ज भरपूर. विज्ञानाच्या विषयांतल्या ग्रेडवर निवडीचा मोठा भार असतो, आणि तोच विषय पुन्हा घेऊन ग्रेड सुधारली तरी पहिल्या वेळेचा डाग बऱ्याचदा पुसला जात नाही. म्हणून पहिल्या सत्रात शरीररचना घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. इंग्रजी, संख्याशास्त्र आणि एखादा हलका विषय, एकूण १२ युनिटं. इथल्या प्रयोगशाळेची, दर आठवड्याच्या चाचण्यांची सवय होऊ द्या. वर्षअखेरची परीक्षाच डोळ्यांसमोर ठेवायची सवय घेऊन आलेली हुशार मुलंही इथे तिसऱ्या आठवड्यात गांगरतात.

सगळं धरून चार वर्षं लागतील असं समजा. म्हणजे पेल ग्रँटच्या १२ सत्रांपैकी आठ जातील आणि चार उरतील. पुढे बीएस नर्सिंगची पदवी करायची झाली, मग हेवर्डला कॅल स्टेट ईस्ट बे असो वा सॅन होजे स्टेट, तेव्हा ती चार उपयोगी पडतील. जानेवारीचं एक सत्र मी इतकं का वाचवायला सांगतोय, ते आता मिस्टरांच्या लक्षात येईल.

खासगी कॉलेजाबद्दल सरसकट वाईट बोलणार नाही. पण कर्ज काढण्याआधी कॅलिफोर्नियाच्या बोर्ड ऑफ रजिस्टर्ड नर्सिंगच्या संकेतस्थळावर जा. मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी आणि प्रत्येकाचा एनक्लेक्सचा निकाल तिथे जाहीर असतो. जाऊबाईंनी सुचवलेलं नाव आधी यादीत आहे का बघा, मग त्याचा निकाल ओलोनी आणि शाबोच्या शेजारी ठेवा. अभ्यासक्रम ‘नर्सिंग असिस्टंट’चा आहे, ‘व्होकेशनल नर्स’चा आहे की नोंदणीकृत नर्सचा, हेही लेखी विचारा. फोनवर गोड बोलणारे सगळ्याला नर्सिंगच म्हणतात.

पैसे हातात आल्यावर सांभाळायचं एकच. सत्राचा साठ टक्के काळ संपायच्या आत सगळे विषय सोडले तर पेल ग्रँटचा काही भाग परत करावा लागतो, आणि कॉलेजची थकबाकी राहिली तर पुढची नोंदणी अडू शकते. ग्रेडची सरासरी २.०च्या खाली गेली किंवा घेतलेल्या युनिटांपैकी साधारण दोन तृतीयांश पूर्ण झाली नाहीत, तरी मदत थांबू शकते. गावाकडे लग्नकार्य निघालं म्हणून ऑक्टोबरमध्ये तीन आठवडे घेऊन जाऊ नका तिला. पुस्तकांचा खर्च कमी करायचा तर वर्गांच्या वेळापत्रकात ज्या वर्गापुढे मोफत डिजिटल साहित्याची खूण असते तो निवडा. कॅलिफोर्नियातल्या सरकारी कॉलेजांना ती खूण लावणं कायद्याने भाग आहे.

कॉलेजचा अर्ज सीसीसीअप्लाय या एकाच ठिकाणी होतो, तोही फुकट. युनियन सिटीत राहता म्हणून अमुकच कॉलेज असं बंधन नाही. फॅफ्सा आत्ताच भरा आणि त्यात दोन्ही कॉलेजं टाका. राज्याच्या कॅल ग्रँटची मुदत मार्चच्या सुरुवातीला असते. ती हुकली तर कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना २ सप्टेंबरची दुसरी संधी आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका.

आणि नावाचं बघा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्ट आणि ग्रीन कार्डावर वेगळा क्रम असेल, वडिलांचं नाव कुठे मधल्या नावात, कुठे पहिल्याला जोडून. फॅफ्सात सोशल सिक्युरिटी कार्डावर जसं आहे अगदी तसंच नाव भरा, कॉलेजच्या अर्जातही तेच. दोन ठिकाणी दोन नावं पडली तर कॉलेजला तिचा फॅफ्सा तिच्या अर्जाशी जुळत नाही, आणि ऐन ऑगस्टमध्ये मदत अडकते. कार्डावरच चूक असेल तर ती आत्ता, हिवाळ्यात दुरुस्त करून घ्या.