मेल स्पॅममध्ये जातो, परत येतो : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची वेबसाइट शेअर्ड होस्टिंगवर आहे, मेल गूगल वर्कस्पेसवर आणि नेमसर्व्हर क्लाउडफ्लेअरचे. सीपॅनेलच्या झोन एडिटरमध्ये एसपीएफ आणि डीकेआयएम दोन्ही टाकले, तरी जीमेलवर पाठवलेली कोटेशन ५५०-५.७.२६ असा एरर येऊन परत येतात. चुकते कुठे? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आधी शब्द. सीपॅनेल म्हणजे होस्टिंग सांभाळायचे पॅनेल. नेमसर्व्हर म्हणजे डोमेनचे रेकॉर्ड (डीएनएस) जगाला सांगणारा सर्व्हर. एसपीएफ ही तुमच्या नावाने मेल पाठवू शकणाऱ्या सर्व्हरची यादी, डीकेआयएम ही मेलवरची डिजिटल सही. ५५०-५.७.२६ म्हणजे मेल खरोखर तुमचाच हे सिद्ध न झाल्याने जीमेलने नाकारला. नेमसर्व्हर क्लाउडफ्लेअरचे असतील, तर सीपॅनेलच्या झोन एडिटरमध्ये टाकलेले काहीच बाहेर दिसत नाही. जीमेल रेकॉर्ड शोधते ते नेमसर्व्हरवर. सीपॅनेलमधल्या ‘ईमेल डिलिव्हरेबिलिटी’ पानावर तुमच्या डोमेनसाठी सुचवलेले रेकॉर्ड मिळतात. ते उचलून क्लाउडफ्लेअरच्या डीएनएसमध्ये टाका. त्या पानावरचे ‘रिपेअर’ बटण डीएनएस होस्टकडे असेल तरच कामाचे.

पण सुचवलेला एसपीएफ जसाच्या तसा चिकटवू नका. वर्कस्पेस घेताना गूगलचा एक एसपीएफ टाकलेला असतो, आता होस्टचा दुसरा पडतो, आणि एका डोमेनवर दोन एसपीएफ रेकॉर्ड असले की तपासणी ‘पर्मएरर’ (कायमची चूक) देते. दोन्हींपैकी एकही धरले जात नाही. दोन्ही मिळून एकच टीएक्सटी (मजकुराचे) रेकॉर्ड हवे. ते असे (टाकताना अर्थातच रोमन अक्षरांत) :

व्ही=एसपीएफ१ आयपी४:सर्व्हरचा आयपी इन्क्लूड:_एसपीएफ.गूगल.कॉम ~ऑल

होस्टने सुचवलेल्या रेकॉर्डमध्ये बहुधा ‘+ए’ (डोमेनचा जो आयपी, त्यालाही परवानगी) असते. ते काढून आयपी४ लिहा. क्लाउडफ्लेअरवर वेबसाइटचा ढग नारिंगी असेल (म्हणजे वेबसाइट क्लाउडफ्लेअरच्या आडून चालत असेल) तर ‘ए’ विचारल्यावर क्लाउडफ्लेअरचा आयपी मिळतो, तुमच्या सर्व्हरचा नव्हे. शिवाय बरेच होस्ट बाहेर जाणारे मेल वेगळ्याच सर्व्हरवरून पाठवतात. त्याचे इन्क्लूड (दुसऱ्याची यादी आपल्यात जोडणारा भाग) त्यांच्याकडून विचारून घ्या. फक्त एवढे पाहा की इन्क्लूड, ए, एमएक्स अशा डीएनएस विचारणा एकूण १० च्या पुढे जाणार नाहीत, नाहीतर पुन्हा पर्मएरर. इन्क्लूडच्या पोटातली इन्क्लूडही यात मोजली जातात. आयपी४ मोजले जात नाही.

डीकेआयएमचे तसे नाही. सीपॅनेलचा सिलेक्टर (किल्लीचे नाव) ‘डिफॉल्ट’, वर्कस्पेसचा ‘गूगल’. नावे वेगळी, म्हणून दोन्ही शेजारी राहू द्या. यातली सर्रास होणारी चूक म्हणजे वर्कस्पेसच्या अ‍ॅडमिनमध्ये किल्ली तयार केली, डीएनएसमध्ये टाकली, पण परत येऊन ‘स्टार्ट ऑथेंटिकेशन’ दाबायचे राहिले. ते दाबल्याशिवाय तुमच्या डोमेनची सही मेलवर होत नाही. दुसरी अडचण किल्लीच्या लांबीची. २०४८ बिटची किल्ली टीएक्सटीच्या एका तुकड्यात मावत नाही, कारण तुकड्याची मर्यादा २५५ अक्षरांची आहे. काही पॅनेल उरलेले गुपचूप कापून टाकतात. रेकॉर्ड सेव्ह केल्यावर पुन्हा उघडून शेवटची अक्षरे मूळ किल्लीशी जुळवून पाहा.

मग जीमेलच्या एखाद्या खात्यावर मेल पाठवा, तीन ठिपक्यांमधून ‘शो ओरिजिनल’ उघडा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (तपासणीत नापास मेलचे काय करायचे ते सांगणारे रेकॉर्ड) या तिन्हींपुढे ‘पास’ आले पाहिजे.

प्रश्न : संपर्क फॉर्म भरला की ग्राहकाच्याच पत्त्यावरून आल्यासारखा मेल आम्हाला यायचा. आता तो स्पॅममध्ये जातो, कधी येतच नाही. – एक वाचक, मडगाव

उत्तर : तुमचा सर्व्हर ग्राहकाच्या डोमेनच्या नावाने मेल पाठवतो आहे आणि त्याला ती परवानगी नाही. याहूने तर २०१४ पासूनच असे मेल नाकारायला सांगितले आहे. फॉर्मच्या सेटिंगमध्ये ‘फ्रॉम’ला स्वतःच्या डोमेनचा पत्ता द्या, ग्राहकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये. मेलही पीएचपीच्या मेल फंक्शनऐवजी एसएमटीपीने, ४६५ किंवा ५८७ पोर्टवरून, पासवर्ड देऊन पाठवा.

प्रश्न : डीमार्कला थेट ‘रिजेक्ट’ (नापास मेल नाकारा) लावले तर? – एक वाचक, नांदेड

उत्तर : नका लावू. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांकडे डीमार्क मागतात. गूगलच्या लेखी मोठे म्हणजे जीमेल खात्यांवर दिवसाला सुमारे ५,००० मेल. पण त्यासाठी ‘पी=नन’ (नापास मेलवर काही कारवाई नको) पुरते. खरी मेख अशी की डीमार्कला नुसते ‘पास’ चालत नाही. ज्या डोमेनच्या नावाने एसपीएफ किंवा डीकेआयएम पास झाले, ते ‘फ्रॉम’मधल्या डोमेनशी जुळावे लागते. न्यूजलेटर किंवा बिलिंगची सेवा स्वतःच्या डोमेनने सही करत असेल, तर तिचे मेल दोन्हींत पास होऊनही डीमार्कमध्ये नापास होतात. ‘रिजेक्ट’ असेल तर तुमची बिलेच ग्राहकापर्यंत पोचणार नाहीत.

म्हणून आधी ‘नन’ ठेवा आणि ‘आरयूए’मध्ये (अहवाल कुठे पाठवायचे) स्वतःच्याच डोमेनवरचा पत्ता द्या, परक्या डोमेनचा दिला तर त्या डोमेनच्या डीएनएसमध्येही परवानगीचे रेकॉर्ड लागते. येणाऱ्या एक्सएमएल अहवालांत कोणत्या आयपीवरून तुमच्या नावाने मेल जातात ते दिसते. महिनाभर ते पाहा, आपल्या प्रत्येक सेवेत डीकेआयएम चालू करा, मग ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका) आणि शेवटी ‘रिजेक्ट’. रेकॉर्डचे नाव फक्त ‘_डीमार्क’ एवढेच टाका. काही पॅनेल पुढे डोमेन आपोआप जोडतात आणि पूर्ण नाव लिहिले तर डोमेन दोनदा लागून रेकॉर्ड सापडेनासे होते.

प्रश्न : होस्टिंगवरचा ‘इन्फो’ पत्ता जीमेलला फॉरवर्ड केला आहे. काही मेल पोचत नाहीत. – एक वाचक, पुणे

उत्तर : फॉरवर्ड झालेला मेल तुमच्या होस्टच्या आयपीवरून पुढे जातो, आणि मूळ पाठवणाऱ्याच्या एसपीएफमध्ये तो आयपी नसतो. त्याची डीकेआयएम सही शाबूत राहिली तर मेल तरतो. सहीच नसेल तर अडकतो. होस्टने एसआरएस (फॉरवर्ड करताना पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलणे) चालू केले तर एसपीएफ पास होते, पण ते तुमच्या होस्टकडच्या डोमेनच्या नावाने, त्यामुळे डीमार्कला त्याचा उपयोग नाही. महत्त्वाचे मेल येणारा पत्ता फॉरवर्ड न करता खरी मेलबॉक्स म्हणून ठेवा आणि फोनवरच्या मेल अ‍ॅपमध्ये आयमॅपने, ९९३ पोर्टवरून जोडा.